चार टायर आणि हलव्याचे दागिने

नागपूरच्या माणसाला ऊन कळतं. कुठल्या झाडाखाली गाडी लावली तर दुपारी सीट पोळणार नाही, हे मी नुसतं झाड बघून सांगू शकतो. पुढे नोकरीनं मला टेक्सासात, प्लेनोला नेलं. तिथंही हे ज्ञान वाया गेलं नाही. अमेरिकेतली ड्रायव्हिंगची परीक्षा मी तिथंच दिली, सपाट, रुंद, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, आणि पहिल्या फटक्यात पास झालो. तेव्हापासून स्वतःला उत्तम ड्रायव्हर समजायची जी सवय लागली, ती मोडायला एक आख्खा डोंगर लागला.

२००३ साली कंपनीनं मला बॉथेलला पाठवलं. म्हणजे सिएटलच्या जवळ, पावसाळी, हिरव्या, चढउतारांच्या गावात. माझी छोटी निळी सेडान प्लेनोहून माझ्या मागोमाग आली. त्याच वर्षी लग्न ठरलं. मुलगी पुण्याची, कृषी महाविद्यालयात शिकलेली, आणि तिला वॉशिंग्टन राज्यातच पीएचडीला प्रवेश मिळालेला. विषय गव्हावरचा तांबेरा रोग. दोन्ही घरं खूश. माझी आई म्हणाली, "एकाच राज्यात आहेत दोघं, अजून काय पाह्यजे?" नागपूर आणि पुणंही एकाच राज्यात आहेत, हे त्या बैठकीत कोणाच्या लक्षात आलं नाही. बॉथेल डोंगराच्या अलीकडे, तिचं विद्यापीठ डोंगराच्या पलीकडे, गव्हाच्या टेकड्यांमध्ये. मध्ये पाचेक तासांचा रस्ता आणि त्या रस्त्यावर घाट.

इथले लोक त्याला पास म्हणतात. आम्ही घाटच म्हणायचो.

"दर शुक्रवारी येईन," असं मी लग्नाच्या मांडवातच बोलून बसलो होतो. सप्टेंबर-ऑक्टोबर मजेत गेले. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून सटकायचं, थर्मासात चहा, शेजारच्या सीटवर इंडियन स्टोअरमधून घेतलेली मेथीची जुडी. तिच्या गावात मेथी मिळत नसे. नवी नवरी दारात उभी असायची, आणि आधी जुडी हातात घ्यायची, मग माझ्याकडे बघायची.

नोव्हेंबरात घाटावर पहिला बर्फ पडला. मी गेलो, थोडा घसरलो, सावरलो आणि पोचल्यावर तो किस्सा रंगवून सांगितला. ही माझी आयुष्यातली जुनी खोड. किस्सा चांगला जमला की तो कोणाला सांगतोय याचं भान राहत नाही. ती हसली नाही.

"शुक्रवारी दुपारपासून मला मायक्रोस्कोपमध्ये तांबेरा दिसत नाही," ती म्हणाली. "तुझी गाडी दिसते."

"अगं, थोडंसं तर घसरलो."

"थोडंसं कसं घसरतात ते मला नको सांगू. हे असंच चालणार असेल ना, तर मी सोडते हे सगळं आणि येते बॉथेलला."

ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. पण सोडणं तिलाही सोपं नव्हतं. सप्टेंबरात तिनं तिच्या चाचणीच्या वाफ्यांमध्ये हिवाळी गहू स्वतः पेरला होता. हा गहू इवलासा उगवतो आणि मग सगळा हिवाळा बर्फाखाली झोपून राहतो. थंडी खाल्ल्याशिवाय त्याला पुढे ओंबीच धरत नाही. हे मला सांगताना तिचे डोळे असे चमकायचे की मला त्या गव्हाचा थोडा हेवा वाटायचा. तेव्हा प्रश्न सरळ होता. मला घाट नीट पार करता आला तर तिचा गहू राहणार, नाहीतर नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी मुंबईचा एक मित्र बसायचा. त्यानं विषय एका वाक्यात संपवला. "यार, त्या डब्यातून तू घाट चढतोस? फोर-व्हील ड्राइव्ह घे, मोठी. बर्फाला कळलं पाहिजे कोण आलंय."

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुटीत ती बसनं बॉथेलला आली तेव्हा आम्ही अशी एक मोठी गाडी बघायला गेलो. लाल होती. आत चढायला पायरी होती. बसल्यावर मला अंबारीत बसल्यासारखं वाटलं, खाली माणसं, गाड्या, सगळं बारीक बारीक. विक्रेता उत्साही होता. चारी चाकांना ताकद कशी मिळते, बर्फाळ चढ कसा लीलया चढते, सगळं त्यानं सांगितलं. माझी मान डोलत होती.

ती मागच्या सीटवरून म्हणाली, "चढेल ते कळलं. उतरताना थांबेल का विचार."

मी विचारलं. माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, थांबणं काय, ते शेवटी टायरवर असतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मग टायरच घेऊ या की! त्याच्याभोवती एवढी मोठी गाडी कशाला?"

असा आमच्या वाहनखरेदीचा निकाल लागला. निळी सेडान राहिली. लाल गाडीकडे मी वळून वळून पाहत होतो, तर ती म्हणाली, "चल, मेथी घ्यायचीय."

टायर घ्यायचं काम माझ्यावर सोपवून ती परत गेली. आता इथं माझी खरी विद्वत्ता सुरू होते.

टायरच्या दुकानातल्या माणसानं मला दोन टायर शेजारी ठेवून दाखवले. एक आमच्या गाडीला होता तसा, बारमाही. दुसरा हिवाळी, खोल नक्षीचा, अंगावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह कोरलेला. त्याचं रबर थंडीतही मऊ राहतं, म्हणून ते बर्फाला धरून चालतं, असं तो म्हणाला. मला पटलं. मग तो म्हणाला, "चार लागतील."

आणि माझ्या आत सीताबर्डीचा बाजार जागा झाला. लहानपणी आईचं बोट धरून मी तिथं एकच शास्त्र शिकलो होतो. दुकानदार चार म्हणाला की आपण दोन ऐकायचं. साडीपासून संत्र्यांपर्यंत हे शास्त्र कधी चुकलं नव्हतं. शिवाय मी इंजिनीअर. माझी गाडी पुढची चाकं ओढतात. मागची दोन नुसती मागून येतात. वरातीत घोडा पुढे असतो, मागच्या मंडळींना कोणी नाल ठोकतं का?

"दोन द्या. पुढे लावा."

तो म्हणाला, "असं करू नये. मागची बाजू फिरते." मी मनात म्हटलं, वा, काय विकतो हा! आणि पुढच्या हिवाळ्यात उरलेले दोन घेईन असं सांगून त्याचीच समजूत काढली.

फोनवर आईनं विचारलं, "काय रे, टायरखाली लिंबं ठेवली का?"

"टायर नवे आहेत, गाडी जुनीच आहे."

"तू शहाणपणा नको करून राहू. ठेव."

ठेवली. नव्या टायरखाली ठेवायची म्हणून पुढच्या दोघांखाली दोन. नारळ पार्किंगमध्ये फोडायची हिंमत झाली नाही. पलीकडे बायकोला कळवलं, "टायर घेतले." ते खरंच होतं.

डिसेंबरात घाटानं माझं काही वाकडं केलं नाही. रस्ते साफ केलेले असायचे, मी भर दुपारी जायचो आणि प्रत्येक वेळी माझ्या हुशारीवरचा विश्वास वाढायचा. बर्फात चाकांना घालायच्या, सक्तीच्या म्हणून घेतलेल्या साखळ्या डिकीत होत्या, अजून पिशवीतून बाहेर न काढलेल्या.

मग आली संक्रांत. लग्नानंतरची पहिली. आईनं नागपूरहून सुनेसाठी हलव्याचे दागिने पाठवले. बिंदी, हार, बाजूबंद, बांगड्या, नथसुद्धा. ऑफिसातल्या त्या मित्राच्या आईवडिलांनी ते इतक्या दुरून, विमानात मांडीवर धरून आणले होते. बायकोच्या गावात एक मराठी काकू होत्या, यजमान विद्यापीठात शिकवायचे. त्यांच्या घरी शनिवारी हळदीकुंकू ठरलं होतं. काळी साडी बायकोनं काढून ठेवली होती. दागिने पोचवायचे ते तेवढे राहिले होते. मी तो खोका मागच्या सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्ट लावला, आणि निघालो.

घाट चढताना मी गात होतो. दोन्ही बाजूंना देवदार पांढरे झालेले, पुढची चाकं चिकटून चढताहेत. वाटेत एक लाल मोठी गाडी रस्त्याकडेला थांबलेली दिसली तेव्हा तर मी हसलोही. चढण संपली. उतार लागला. एका वळणावर समोरची गाडी हळू झाली आणि मी ब्रेक दाबला.

बर्फात ब्रेक जोरात दाबू नये, हे मला माहीत होतं. पण माहिती डोक्यात असते आणि ब्रेक पायात. पुढच्या चाकांनी जमीन धरली. आणि इतकी वर्षं निमूटपणे मागून येणाऱ्या त्या दोन चाकांनी नेमकं त्या वळणावर ठरवलं की आता आपण पुढे व्हायचं. झाडं माझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे निघून गेली, सावकाश, एखाद्या पंगतीत वाढपी फिरावा तशी. मग मी ज्या रस्त्यानं आलो तो रस्ता दिसला. मग मऊसा धप्प आवाज आला आणि गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात मागून रुतली.

मला काही झालं नाही. गाडीलाही नाही. मागे कोणीतरी मूठभर शेंगदाणे फेकावेत तसा आवाज मात्र झाला होता.

ओढून काढायला ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "कुठं चाललास?"

"पूर्वेला. बायकोकडे."

त्यानं माझ्या गाडीकडे पाहिलं. तिचं तोंड पश्चिमेला. "गाडीचा विचार वेगळा दिसतोय," तो म्हणाला.

उरलेला रस्ता मी बैलगाडीच्या वेगानं कापला. ती दारात उभी होती, अंगावर माझा जुना स्वेटर. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की किस्सा सांगायचा नाही. त्याची गरजही पडली नाही. खोका घ्यायला तिनं मागचं दार उघडलं. सीटवर, सीटच्या फटीत, खाली पायपुसण्यावर, सगळीकडे पांढरा हलवा.

"कुठं?"

"उतरताना. वळणावर."

"किती फिरली?"

"एकदाच."

ती मागच्या सीटवर बसली आणि एकेक दाणा वेचून तळहातावर घ्यायला लागली. दार उघडं, बाहेर गोठवणारी थंडी. मी म्हटलं, आत चल, उद्या वेचू. तर म्हणाली, "थांब." वेचता वेचता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "सोमवारी मी गाईडना सांगते. ही टर्म संपली की मी येते."

"तसं नको. मी हिवाळ्यात येत नाही, मग तर झालं? एकदम मार्चमध्ये येतो."

"म्हणजे आपलं लग्न काय उन्हाळी पीक आहे?"

"आणि तुझा गहू?"

"बघेल कोणीतरी गव्हाकडे," ती म्हणाली. पण ते म्हणताना मूठ इतकी घट्ट मिटली की वेचलेल्या दाण्यांतले दोनचार खाली पडले.

सकाळी मी उठलो तर ती घरात नव्हती. गाडीवरचा, चाकांवरचा बर्फ झाडायला गेली होती. थोड्या वेळानं हातात झाडू घेऊन आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ऐक. तू टायर घेतलेस ना?"

"घेतले की."

"किती?"

"दोन."

"का?"

मी तिला सगळं सांगितलं. पुढची चाकं ओढतात, मागची नुसती येतात, वरात, घोडा, सीताबर्डी. बोलता बोलता माझं मलाच ते जरा पातळ वाटायला लागलं.

"मागच्यांनी काय घोडं मारलं होतं?" ती म्हणाली.

"पुण्यात डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली बघितलीयेस? थिजून दगड होते. तुझे मागचे टायर तसे झालेले असणार. पुढच्यांना मऊ रबर दिलंस, ते थांबले. मागच्यांना थांबताच येईना. ते बिचारे जाणार कुठं?"

"दुकानदार असंच काहीतरी म्हणत होता."

"आणि तू?"

"मला वाटलं, चार म्हणतोय म्हणजे..."

ती एकदम थांबली. "एक मिनिट. आईंनी लिंबं ठेवायला सांगितली होती ना? किती ठेवलीस?"

"दोन."

"पुढे?"

"पुढे."

ती दाराशी बुटांच्या ढिगावर मटकन खाली बसली आणि हसायला लागली. झाडू हातातच. हसत राहिली, हसत राहिली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती आता हसत नाहीये. मी शेजारी बसलो. खांद्यावर हात ठेवला. बुटांतलं पाणी माझ्या पायजम्यात झिरपत होतं, पण हलायची ती वेळ नव्हती.

"मला वाटलं होतं तो रस्ताच तसा आहे," नाक पुसत ती म्हणाली. "त्याला काही उपायच नाही. रात्रभर मी तेच धरून बसले होते. आणि तू मागे टायरच लावले नव्हतेस, गाढवा."

नवऱ्याला गाढव म्हणण्यात इतकी सुटका असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "एक संधी दे. परीक्षा घे हवं तर."

घेतली. आधी आम्ही तिच्या गावातल्या टायरच्या दुकानात गेलो. तिथं मी एक शब्द बोललो नाही, ती बोलली. तसेच दोन टायर मागे बसले. मग तिथून विद्यापीठाच्या मैदानाबाहेरच्या मोठ्या पार्किंगमध्ये. शनिवार सकाळ, सगळं रिकामं, पांढरं, एकही गाडी नाही. तिनं घरून एक स्टीलचं ताट आणलं होतं. त्यात धड राहिलेला हलव्याचा हार ठेवला आणि ते ताट मागच्या सीटवर.

"चालव. मी सांगेन तेव्हा थांबव."

मी चालवलं. ती "थांब" म्हणाली. मी थांबवलं. गाडी जराशी घसरली, पण नाक जिकडे होतं तिकडेच राहिलं. ताट सीटवर खरवडत थोडं पुढे आलं आणि थांबलं. ती म्हणाली, "परत." मग वळणावर. मग पुन्हा. मी इतक्या इमानानं बारावीची परीक्षाही दिली नव्हती.

मग ती म्हणाली, "उठ. आता मी. तू मागे बस."

तिला लायसन्स मिळून जेमतेम महिना झाला होता, तेही मैत्रिणीच्या गाडीवर. मी मागे बसलो, ताट मांडीवर घेतलं. तिनं गाडी अशी सोडली की मी सीटला चिकटलो. दिव्याचा खांब जवळ येत होता. मी "अगं, अगं" करत होतो. पुढून शांतपणे उत्तर आलं, "थोडंसंच जातेय." खांबाच्या पुष्कळ अलीकडे गाडी सरळ रेषेत थांबली. माझ्या दोन्ही हातांची बोटं हारात अडकली होती. शुक्रवारची दुपार तिला कशी जात असेल, ते मला तिथं, मागच्या सीटवर बसून कळलं. तिनं आरशातून बघितलं आणि गाडी हळू चालवायला लागली.

दुपारभर तिनं सुईदोऱ्यानं दागिने शिवले. हार थोडा आखूड झाला, बाजूबंद एकच उरला, बिंदी काही जमली नाही. काकूंच्या घरी मला आणि काकांना स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या कापायला बसवलं होतं. दारातून ती दिसत होती, काळ्या साडीवर पांढरा हलवा, आणि तिच्यामागच्या खिडकीत बर्फ.

"बिंदी कुठाय गं?" काकूंनी विचारलं.

"घाटात राहिली, काकू."

काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. तिळगूळ देताना म्हणाल्या, "घ्या, गोड बोला. आणि हळू चालवा."

रविवारी मी निघालो. घाटाच्या आधी फोन केला, घाट उतरून केला, घरी पोचून केला. तिन्ही वेळा तिनं "बरं" म्हटलं. निर्णय काय, ते ती बोलली नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. सोमवारी ऑफिसात फोन वाजला.

"सांगितलं गाईडना," ती म्हणाली.

"काय?"

"अजून एक जात लावून बघायचीय. म्हणजे आणखी एक हिवाळा धरावा लागेल." आणि मग, "टायर दोन हिवाळे टिकतात ना रे?"

"चारही टिकतात," मी म्हटलं.

दोनाचे चार हिवाळे झाले. टायरचाही दुसरा जोड झाला. तिची पीएचडी झाली आणि ती बॉथेलला आली, आपल्या वेळेला, स्वतः घाट उतरून. मी शेजारी बसलो होतो, मांडीवर गव्हाच्या ओंब्यांची जुडी घेऊन.

२००८ मध्ये निळी गाडी विकायला काढली. पाळण्यातली मुलगी, तिची सीट, तिची गाठोडी, त्यात मावेनात. गाडी घ्यायला सोलापूरचा एक नवा नवा आलेला इंजिनीअर आला, बायकोला घेऊन. त्यांना हिवाळ्यात घाटावर बर्फ बघायला जायचं होतं. मी त्याला सगळं नीट समजावलं. बर्फाचे टायर वेगळे असतात, चार घ्यायचे, चारच.

"चार लागतातच का, काका?" तो म्हणाला. काका! मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. "गाडी पुढची चाकंच ओढतात ना? मग पुढे दोन..."

त्याच्या चेहऱ्यावरचा तो हुशार भाव मी लगेच ओळखला. आता त्याला काय सांगावं, कुठून सुरुवात करावी, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात मुलीला कडेवर घेऊन बायको घरातून बाहेर आली. दुसऱ्या हातात लिंबं होती. कोणाशी काही न बोलता ती गाडीभोवती फिरली आणि एकेका चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं. सुरुवात मागच्या चाकांपासून केली.